झाकण वाजणारी पेटी

मित्रांनो, संत तुकाराम नगरातल्या एका दवाखान्याच्या व्हरांड्यात, डेंग्यूच्या फलकाशेजारी आणि पाण्याच्या नळाच्या जरा वर जी पत्र्याची लाल पेटी टांगलेली दिसते, ती मी. दिसते, असे मी सवयीने म्हटले. पाहणारे फार थोडे. न पाहिल्यासारखे करणारे पुष्कळ. माझ्या पोटात निरोध असतात. ते फुकट आहेत आणि कुणीही, कुणालाही न विचारता घ्यावेत अशी योजना आहे. फुकट वस्तूसाठी जिथे चेंगराचेंगरी होते, तिथे माझ्यापुढे कधी रांग लागली नाही, यातच माझे अर्धे चरित्र आले. उरलेले अर्धे चारचौघांत सांगण्यासारखे नाही असे म्हणतात. म्हणूनच ते सांगते.

माझा जन्म भोसरीतल्या एका शेडमध्ये झाला. मन्सूर नावाचा कारागीर तिथे गाड्यांच्या दारांसाठी आलेल्या पत्र्याच्या उरल्यासुरल्या तुकड्यांतून दानपेट्या, टपालपेट्या, मीटरच्या पेट्या असे काहीबाही बनवत असे. त्याने मला कापले, वाकवले, माझे कोपरे जोडले आणि वर तिरके झाकण बसवले. झाकणाची स्प्रिंग जरा कडक निघाली. हात बाहेर काढला की ते धाडकन मिटे.

"मन्सूरभाई, ह्याचा आवाज लय होतोय," त्याचा माणूस म्हणाला. "दवाखान्यात जायचीय ही."

मन्सूर हसला. "होऊ दे की. दानपेटीत टाकणाऱ्याला वाटतं, आवाज सगळ्यांना ऐकू जावा. हिच्यातनं घेणाऱ्याला वाटणार, कुणालाच जाऊ नये. पत्र्याला काय कळतंय त्यातलं?"

पत्र्याला ते पुढे फार नीट कळले.

सुरुवातीची वर्षे मानाची होती. माझे रीतसर उद्घाटन झाले. नारळ फुटला, हार पडला आणि एका साहेबांनी माझ्याकडे न पाहता माझ्यासोबत फोटो काढून घेतला. भाषणभर ते मला ‘ही सुविधा’ म्हणत राहिले. आतल्या वस्तूचे नाव त्यांच्या ओठांवर एकदाही आले नाही. टाळ्या मात्र पडल्या. आपल्याकडे ज्या गोष्टीचे नाव घेत नाहीत तिच्यासाठी टाळ्या वाजवायला कुणाची हरकत नसते.

घेणारे येत, पण वाकड्या वाटेने येत. आधी डेंग्यूचा फलक वाचत. डासाच्या अळीविषयी इतकी आस्था दुसऱ्या कुठल्याही गावाने दाखवली नसेल. मग नळाशी येत, तोटी पूर्ण सोडत, आणि पाणी खालच्या बादलीत आपटू लागले की त्या आवाजाच्या आडोशाने माझे झाकण उघडत. ही युक्ती प्रथम कुणाला सुचली ठाऊक नाही. कंपनीतून सुटलेले कामगार ती एकमेकांना न शिकवता शिकले. पाणी वाया गेले, माणसे वाचली. मला ती लाज आवडत नसे, पण तिच्या मुळाशी एक भीती होती, आणि भीतीच्या मुळाशी थोडी अक्कल होती, हे आज मी मान्य करते.

मग माणसांच्या हातात दुसरी पेटी आली. ती काचेची होती, उजळ होती, आणि तिचे झाकण वाजत नसे.

तिच्यात अंगठ्याने माणसे सरकवता येतात. उजवीकडे सरकवले तर पसंत, डावीकडे तर नापसंत. चाकणच्या कारखान्यांत दूरदूरहून आलेली, एका खोलीत कॉट भाड्याने घेऊन राहणारी, पाळीप्रमाणे झोपणारी आणि रविवारी काय करायचे ते न कळणारी पोरे-पोरी तिच्यात माणूस शोधू लागली. इथल्या वसाहतींतली घरची पोरेही शोधू लागली. यात मला पाप दिसत नाही. एकटेपणा हा गुन्हा नव्हे आणि भेटीची ओढ तर नव्हेच; मी पेटी आहे, कीर्तनकार नाही. माझा राग निराळ्या ठिकाणी आहे. मोबाइलमधले ते भेटीगाठींचे अॅप समोरच्याची उंची सांगते, रास सांगते, तो अंडे खातो की नाही हे सांगते, तो किती किलोमीटरवर बसला आहे हेही सांगते. इतके सारे कळले की ओळख झाल्यासारखी वाटते, आणि ओळखीच्या माणसाची भीती वाटत नाही. इथल्या मुलांचे बाप परक्या बिछान्याकडे जाताना नळ सोडून माझे झाकण उघडत. मुले तितक्याच परक्या माणसाकडे जाताना त्याचे आवडते गाणे पाठ करून जातात. भेटी वाढल्या, माझ्याकडे येणारे हात कमी झाले, आणि माझ्या पाठीमागच्या खोलीत येणारी माणसे वाढली.

ती खोली मुमताज मॅडमची. त्या समुपदेशक आहेत. रक्ताच्या तपासण्या, त्यांचे निकाल आणि त्यानंतरची रड हे त्यांचे काम. आमच्यामध्ये एकच भिंत आहे आणि तिच्यात वर झडपेची खिडकी आहे. आत बोललेले माझ्या पत्र्यात घुमते, आणि झडपेतून आतले थोडे दिसतेही. म्हणून ही गोष्ट मला माहीत आहे.

गोष्ट सनीची आहे. त्याचे वडील भीमराज याच वसाहतीतले. पिंपरीतल्या पेनिसिलिनच्या कारखान्यात त्यांनी हयात घालवली. बाटल्या भरण्याच्या विभागात होते. भीमजयंतीच्या आठवड्यात मंडळाचे रक्तदान शिबिर आमच्या दवाखान्याच्या हॉलमध्ये भरते, आणि भीमराज दरवर्षी रांगेत पहिले असतात. त्यांची रक्तदात्याची कार्डे घरच्या शोकेसमध्ये ओळीने लावलेली आहेत, असे त्यांची बायको कस्तुराबाई व्हरांड्यात कुणालाही सांगते. सनी चाकणच्या एका कंपनीत, गाडीचे सुटे भाग तपासण्याच्या कामावर. गेल्या वर्षीच्या शिबिरात त्याने पहिल्यांदा रक्त दिले. नंतर, दंडाला कापूस लावलेला असतानाच, तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. इकडेतिकडे पाहिले आणि झाकणाला हात घातला.

मागून मंडळाचा बुद्धरत्न आला. "काय राव सनी, रक्त दिलं आणि लगेच वाण लुटायला लागला का?"

सनीने हात काढला. झाकण वाजले. चारजण वळले आणि हसले.

"गंमत बघत होतो भावा," सनी म्हणाला. "आपल्याला काय गरज? रक्तपेढीवाले सगळं तपासतात. काही निघालं असतं तर फोन आला असता. कार्ड आलं म्हणजे आपण पास."

"एकदा पास म्हणजे कायमचा पास?"

"क्वालिटीत आहे मी. पहिला नग ओके झाला की लॉट चालू करतात."

मित्रांनो, इथे क्षणभर थांबा. कारखान्यात पाळी सुरू झाली की मशीनमधून निघालेला पहिला नग मोजून पाहतात. तो बरोबर असला तर त्यावर हिरवी खूण करतात आणि मशीन चालू देतात. सनीने तीच हिरवी खूण स्वतःला लावून घेतली. पुढे त्याने त्या कार्डाचा फोटो काढला, आणि अॅपवर कुणी विचारलेच तर तो पाठवू लागला. बापाने दान म्हणून मिळवलेली वस्तू लेकाने दाखला म्हणून वापरली. मशीन चालू राहिले.

त्या पावसाळ्याच्या अखेरीस त्याला अॅपवर तेजस्विनी भेटली. पुनावळ्याची, आई सुमनताईंसोबत राहणारी, गाड्यांच्या वायरिंगच्या कंपनीत कामाला. दोघांचे जमले, दिवाळीनंतर लग्न झाले. घरी सांगितले की कंपनीच्या बसमध्ये ओळख झाली. बसमधली ओळख घरंदाज असते, मोबाइलमधली नसते, हा नियम कुणी केला ते विचारू नका.

फाल्गुनात तेजस्विनी मुमताज मॅडमच्या खोलीत बसली होती. तिला दिवस गेले होते. गरोदर बाईच्या ज्या नेहमीच्या तपासण्या होतात त्यांत तिच्या रक्तात उपदंश निघाला. जुनी माणसे त्याला गरमी म्हणतात. हा मोठा सभ्य रोग आहे. एखादा न दुखणारा फोड देतो, तो आपोआप जातो, माणसाला वाटते बरे झाले, आणि तो आत मुक्काम करून राहतो. पोटातल्या बाळाला मात्र तो सभ्यता दाखवत नाही.

"मी विचारलं होतं मॅडम," तेजस्विनी म्हणत होती. तिचा आवाज रडका नव्हता, थिजलेला होता. "पहिल्यांदा एकटीनं भेटायच्या आधीच विचारलं होतं, तपासणी केलीस का. त्यानं हे कार्ड पाठवलं. मला वाटलं, रक्त देणारा मुलगा आहे, मनानंही चांगला असेल."

"तारीख बघ ह्याच्यावरची," मुमताज मॅडम म्हणाल्या. "तू भेटलीस त्याच्या किती आधीचं आहे. मधल्या दिवसांचं कार्ड कोण देणार?"

"बाळ?"

"पेनिसिलिन आहे. आठवड्याला एक, अशी तीन इंजेक्शनं. वेळेवर घेतलीस तर बाळाचा धोका बहुतेक टळतो. पण नीट ऐक. त्यालाही तपासायचं आणि त्यालाही टोचायचं. तू बरी झालीस आणि तो तसाच राहिला, तर तो तुला पुन्हा देईल. बाळालाही."

इतके सोपे होते. औषध फुकट होते, दार उघडे होते. सनीने आत येऊन खुर्चीवर बसायचे होते, आणि विचारले तर खरे सांगायचे होते. एका न जन्मलेल्या जिवाचे सारे त्यावर टांगलेले होते.

सनी पुढच्या आठवड्यात आला, पण आईला घेऊन आला. एकट्याने यायचे धैर्य त्याला नव्हते. बायकोला आधार म्हणून आईला आणले, असे तो म्हणाला. मागोमाग भीमराजही आले. मुमताज मॅडम सासूसमोर बोलायला तयार होईनात. "हे नवराबायकोतलं आहे मावशी, तुम्ही बाहेर बसा," असे त्यांनी दोनदा म्हटले. तेजस्विनीनेच सांगितले. खरे बोलले की घर आपल्या बाजूने उभे राहील, असा तिचा समज होता. वय लहान होते.

कस्तुराबाईने ऐकून घेतले. मग तिने फार थंडपणे विचारले, "तुमची गाठ बसमध्ये नाही पडली ना? पिंकीनं मला तेव्हाच दाखवलं होतं त्या मोबाइलवर. तुझा फोटो होता त्यात."

पिंकी म्हणजे सनीची बहीण.

"सनीचाही होता आई," तेजस्विनी म्हणाली. "असल्याशिवाय आम्ही भेटलो कसे?"

"तो पुरुषमाणूस. त्यानं चार फोटो बघितले म्हणून काय झालं? जी बाई मोबाइलवर नवरा शोधते, तिनं नवऱ्याआधी काय काय शोधलं असेल?"

"मावशी," मुमताज मॅडम म्हणाल्या, "आजार कुणाकडून कुणाकडे गेला ते ह्या कागदावर लिहिलेलं नसतं. सनीची तपासणी करू, मग बोलू."

"त्याची कशाला? त्याचं रक्त गेल्या जयंतीला रक्तपेढीनं घेतलंय. कार्ड आहे घरात. खराब असतं तर घेतलं असतं का?"

सगळ्यांनी सनीकडे पाहिले. त्याला माहीत होते. तो फोड त्याने भाद्रपदात पाहिला होता, चार दिवस घाबरला होता, आणि तो गेल्यावर त्याने देवाचे नव्हे, कार्डाचे आभार मानले होते. हे त्याने नंतर तेजस्विनीला माझ्याच समोर सांगितले. त्या दिवशी मात्र तो म्हणाला, "कंपनीत ऑडिट चालू आहे. पुढच्या आठवड्यात बघतो."

याच वेळी नर्स ट्रे घेऊन गेली. भीमराजांनी ट्रेमधली ती छोटी बाटली पाहिली, आतली पांढरी भुकटी पाहिली. ज्या बाटल्या भरण्यात त्यांचे तारुण्य गेले, त्यांतले औषध कशावर लागू पडते हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी सनीकडे पाहिले. सनीने फरशीकडे. बापाला त्या क्षणी सगळे कळले. आणि कळूनही ते म्हणाले, "चला, घरी जाऊन बोलू." ज्ञान माणसाला वाचवते असे सांगणाऱ्यांनी त्या दिवशी माझ्या जागी टांगून घ्यायला हवे होते.

पहिले इंजेक्शन तेजस्विनीने एकटीने घेतले. दुसऱ्या वेळी सनी दवाखान्याच्या दारापर्यंत आला. आत येईना. ती त्याला ओढत नळापर्यंत घेऊन आली, तेव्हा त्याने फोडाचे सांगितले.

"मग बोलला का नाहीस तेव्हा?"

"आईसमोर काय बोलू? आणि टोचून घेतलं की अब्रू संपलीच ना. सगळ्यांना कळेल माझ्यापासून आलं."

"आत्ता सगळ्यांना कळलंय की माझ्यापासून आलं. ते चालतं तुला?"

तो जायला वळला.

"क्वालिटीत आहेस ना तू?" ती म्हणाली. "पहिला नग ओके झाला म्हणून पाळी संपेपर्यंत तू झोपतोस का तिथं? तासातासाला नग का मोजतोस? टूल झिजतं म्हणून. लोखंडाचं टूल झिजतं हे कळतं तुला, आणि स्वतःचं काही झिजत नाही?"

"हळू बोल."

"नळ सोडू?"

त्याने खरोखरच नळ सोडला. मी त्या दोघांकडे पाहत होते आणि पाणी बादलीत आपटत होते. त्या आवाजाखाली पूर्वी माणसे स्वतःला वाचवायला येत. आता त्याखाली एक बाई गाडली जात होती.

तिसऱ्या इंजेक्शनचा दिवस आला तो यंदाच्या शिबिराचा. हॉल निळ्या पताकांनी सजला होता. रांग व्हरांड्यात माझ्यापर्यंत आली होती. पुढे भीमराज, त्यांच्या मागे सनी. रांगेत नसता तर लोकांनी कारण विचारले असते, म्हणून तो रांगेत होता. तेजस्विनी मुमताज मॅडमच्या दाराकडे जाताना थांबली.

"तू रक्त देणार आहेस?"

"तिथं तपासतात की. खराब निघालं तर फेकून देतील."

"आणि त्यांच्या तपासणीतनं सुटलं तर? कुणाच्या तरी अंगात जाईल ते, सनी." तिने आवाज खाली आणला. "अजून वेळ आहे. रांगेतून बाहेर ये आणि माझ्याबरोबर ह्या दारातून आत चल. बाकी काही मागत नाही मी."

बुद्धरत्न लांबून ओरडला, "वहिनी, काळजी करू नका. एकच पिशवी काढतोय, नवरा परत देतो तुमचा."

रांग हसली. सनीही हसला. ते हसू मी विसरणार नाही. बाहेर निघण्याची वाट त्याला दिसत होती आणि तो हसून ती बुजवत होता.

तेव्हा तेजस्विनी भीमराजांकडे वळली. "बाबा, तुम्हाला माहीत आहे. तुम्ही बाटली बघितली होती. तुम्ही सांगा."

रांगेतल्या माना वळल्या. कस्तुराबाई नळाशी उभी होती. भीमराजांनी सुनेकडे पाहिले, लेकाकडे पाहिले, आणि मग लेकाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला हलकेच रांगेबाहेर काढले.

"सनीला ताप आहे," ते मोठ्याने म्हणाले. "यंदा मी एकटाच देतो."

"ताप नाही येणार तर काय," कस्तुराबाई म्हणाली. "घरात आणलंय ते भोगतोय पोरगा."

एका वाक्यात भीमराजांनी कुणा अनोळखी रुग्णाला वाचवले, लेकाची अब्रू वाचवली आणि सुनेला कायमची दोषी ठरवले. मग ते आत गेले आणि त्यांनी आपले निर्मळ रक्त दिले. त्यांना यंदाचेही कार्ड मिळाले.

तेजस्विनी एकटी आत गेली. तिने तिसरे इंजेक्शन घेतले.

"बाळंतपणापर्यंत तपासण्या चुकवायच्या नाहीत. आणि तो टोचून घेत नाही तोवर त्याच्याजवळ जाऊ नकोस," मुमताज मॅडम म्हणाल्या.

"नाही जात. पुनावळ्याजवळ कुठला दवाखाना पडेल मॅडम, ह्या तपासण्यांसाठी?"

मॅडमनी सांगितले. तिने ते फोनमध्ये टिपून घेतले, बाहेर आली, सनीच्या समोरून गेली आणि फाटकाशी रिक्षात बसली. रिक्षा त्यांच्या घराच्या रस्त्याला वळली नाही.

दुपारी शिबिर आवरले. सनी परत आला. नळ बंद होता. मुमताज मॅडमचे दार उघडे होते, दिवा चालू होता, त्या आत एकट्याच बसल्या होत्या. त्याने त्या दाराकडे पाहिले आणि माझे झाकण उघडले. नवा साठा कित्येक दिवसांत कुणी भरला नव्हता. रक्तदात्यांनी बिस्किटांचे रिकामे पुडे आणि चहाचे कागदी कप तेवढे माझ्यात कोंबले होते. त्याने हात काढून घेतला आणि झाकण धाडकन वाजले. बाकावर रांगेने पोरे बसली होती, त्याच्याच वयाची. एके काळी या आवाजाला अख्खा व्हरांडा वळून पाहत असे. त्यांतल्या एकानेही मान वर केली नाही. त्यांचे अंगठे काचेवर डावीकडे-उजवीकडे सरकत होते. लाज वाटावी असे आता तिथे कुणीच पाहत नव्हते. तरीही तो त्या उघड्या दारातून आत गेला नाही.

मित्रांनो, माझ्यातला कचरा काढा आणि मला भरत जा, एवढे मागणे पेटीने मागावे आणि थांबावे, अशी रीत आहे. मला आणखी एक मागायचे आहे. कुणी तुम्हाला जुने कार्ड दाखवले तर तारीख वाचा. तुम्ही दाखवत असाल तर आधी स्वतः वाचा. आणि ते दार अजून उघडे आहे. मुमताज मॅडम पाचला कुलूप लावतात.